चांदणी उभी राहते, याचं कौतुक करायचं की नाही?

पत्र

ताई, माझं वय 22, शहादा तालुक्यात राहते. मला 'तू'च म्हणा. मागच्याच्या मागच्या दत्तजयंतीला बाबांनी सारंगखेड्याच्या बाजारातून एक मारवाडी शिंगरू आणलं. तेव्हा ती अदंत (दुधाचेच दात असलेली) होती, विकणाऱ्याने पावणेदोन वर्षांची सांगितली. नाव चांदणी. इतके दिवस मी तिला हाताने फिरवलं, पाय उचलायला शिकवलं, खराऱ्याची सवय लावली. यंदा पोळा झाल्यावर पाठीवर खोगीर ठेवलं आणि दसऱ्याला पहिल्यांदा तिच्यावर बसून अंगणात फेरी मारली. आईने दोघींना ओवाळलं. आता मी चढताना ती हलत नाही, 'हो' म्हटलं की थांबते, उजवीकडे छान वळते, थोडी दुडकीही जाते. डावीकडे वळवलं की मात्र मान झटकते.

मी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, तर आप्पा (धाकटे काका) म्हणाले, "घोडी उभी राहिली याचे कसले व्हिडिओ? उभी तर म्हैसही राहते." त्यांचं म्हणणं, तिला महिनाभर एका चाबूकस्वाराकडे (घोडे शिकवणाऱ्याकडे) ठेवू. तो दत्तजयंतीपर्यंत चाल आणि नाच दोन्ही बसवून देईल. मग तिला सारंगखेड्याला उतरवू आणि माघात चुलतभावाच्या वरातीत नाचवू. बाबा गप्प आहेत. ताई, मी फार हळू चाललेय का? आणि उगाच कौतुक करत बसलेय का?

उत्तर

अगं, आप्पांचं वाक्य वाचून आधी मी मनापासून हसले. माणूस तिरकस असला तरी वाक्य फक्कड आहे. म्हैस उभी राहते हेही खरं. फक्त आप्पांनी एकदा शेजारच्या म्हशीवर खोगीर टाकून, तंग आवळून, रिकिबीत पाय घालून बघावं, आणि मग व्हिडिओ मला पाठवावा.

तुझ्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. चांदणी उभी राहते याचं कौतुक कर. भरपूर कर. दोन महिन्यांत तिने जे काही केलंय, त्यात हेच सगळ्यांत अवघड आहे.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. नेमकं कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. अशा जनावराच्या पाठीवर वरून काहीतरी चढतं, दोन्ही कुशींना लोंबकळतं, हलतं. तिच्या पूर्वजांच्या पाठीवर असं वरून येऊन बसणारं जे होतं, ते दातांनी मान धरायला आलेलं असायचं. चढताना ती हलत नाही, याचा अर्थ तिने त्या जुन्या भीतीला बाजूला ठेवून तुझ्यावर भरवसा टाकला. दुडकी, भरधाव, उडी हे सगळं घोड्याला आईच्या पोटातून येतं. पाठीवर माणूस असताना लगाम सैल आणि पाय जमिनीवर, हे शिकवावं लागतं.

मात्र एक गोष्ट तपासून घे. उभं राहणं दोन प्रकारचं असतं आणि व्हिडिओत दोन्ही सारखीच दिसतात. एकात घोडी गोठलेली असते: मान ताठ, डोळा एका जागी खिळलेला, नाकपुड्या ताणलेल्या, शेपूट दाबून धरलेलं, श्वास रोखलेला. अशी घोडी आज्ञाधारक वाटते आणि तिसऱ्या मिनिटाला कुणी पत्रा वाजवला की तुला अंगणाच्या कोपऱ्यात भिरकावते. दुसऱ्या प्रकारात मान खाली येते, जबडा सैल होऊन ती काहीतरी चघळल्यासारखं करते, कान इकडेतिकडे फिरतात, एखादा मागचा पाय ढिला पडतो, लांब फुरफुर होते. तो दसऱ्याचा व्हिडिओ पुन्हा लाव आणि या वेळी स्वतःकडे न बघता फक्त तिच्याकडे बघ. आपण सगळे पहिल्या दहा वेळा आपलाच फोटो बघतो, म्हणून सांगते. ती दुसऱ्या प्रकारची असेल तर आईने केलेलं औक्षण अगदी योग्य जागी पडलं. पहिल्या प्रकारची असेल तर दुडकी बंद कर, पुन्हा फक्त चढण्या-उतरण्यावर ये. आठवडाभरात फरक पडेल.

आता 'हळू'चं. तू दिलेल्या हिशोबाने चांदणी आज साडेतीनच्या थोडी पुढे आहे. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस, तिचं तोंड उघडून बघ. घोड्याच्या समोरच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी पडून नवी येते, तिच्या बाजूची जोडी साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. म्हणजे दोन दात पूर्ण वर आलेले आणि बाजूचे हलतायत किंवा नुकते फुटतायत असं दिसलं, तर हिशोब जुळला.

आणि जुळला तर डावीकडच्या मान झटकण्याचाही एक मोठा संशयित सापडला. या वयात समोरचेच नाही, आत दाढाही बदलत असतात. शिवाय काही घोड्यांना दाढांच्या अगदी पुढे एक बारीक, बिनकामाचा दात असतो आणि लगामाची कडी नेमकी त्याच्या आसपास फिरते. तुझी अक्कलदाढ येत असताना कुणी तोंडात लोखंडी चमचा धरून 'इकडे वळ, तिकडे वळ' केलं असतं, तर तूही मान झटकली असतीस. तेव्हा पहिलं काम हे: लगाम काढून ठेव आणि पशुवैद्याला तिचं तोंड दाखव. समोरचे दात आपण बघू शकतो, दाढांसाठी आत हात घालून, उजेड पाडून बघावं लागतं. ते आपलं काम नाही, बोट जातं.

तोवर घरच्या घरी एक साधी परीक्षा घे. म्होरकीवर (तोंडात कडी नसलेल्या दोराच्या पट्ट्यावर), पाठीवर काही नसताना, तिच्या डाव्या कुशीपाशी ओल्या गवताची जुडी धर आणि मान वळवून घेऊ दे. मग उजवीकडे. दोन्हीकडे सारखी वळली तर मान-पाठ ठीक आहे, अडचण तोंडात किंवा तुझ्या हातात आहे. डावीकडे वळता वळता पावलं टाकून अख्खी फिरली, तर दुखणं मानेत, खांद्यात किंवा खोगिराखाली असू शकतं. मग खोगीर काढून कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत मागे जा. कुठे कातडी थरथरली, पाठ खाली गेली, कान मागे पडले, तर ते खोगीर तिचं नाही. आपल्याकडे घरात एक खोगीर असतं आणि ते आजोबांच्या घोड्यापासून सगळ्यांना चालवलं जातं. वाढत्या घोडीची पाठ दर काही महिन्यांनी बदलते, गेल्या पावसाळ्यात बसलेलं खोगीर यंदा टोचू शकतं.

दातांचा निकाल लागेपर्यंत बंद अंगणात तिला म्होरकीवरच चालव, दोन्ही बाजूंना दोर बांधून. लगामाशिवाय थांबते आणि वळते हे आप्पांनी बघितलं, तर त्यांनाही जरा विचार पडेल.

आणि हो, त्या चाबूकस्वाराकडे किंवा बाजारात कुणी 'तोंड कडक आहे, काटेरी लगाम घाला' म्हणालं तर सरळ नाही म्हण. चालवण्या-बसण्यासाठी काटेरी लगाम वापरायला 1965 पासून नियमाने बंदी आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राने त्या वर्षी केलेल्या नियमांत ते स्पष्ट लिहिलंय. दुकानांत तो अजून टांगलेला दिसतो, ही गोष्ट वेगळी.

हाडांचं बघ. घोड्याची हाडं खालून वर पक्की होत जातात: खुराजवळची वर्षभरात, गुडघ्याच्या वरची दोन-अडीच वर्षांत, आणि सगळ्यांत शेवटी पाठीचा कणा, पाच-साडेपाच वर्षांच्या आसपास. माणूस बसतो नेमका तिथे. म्हणून साडेतीन वर्षांची घोडी बसायला चालते, पण थोडा वेळ, हलक्या माणसाने, बहुतेक चालीतच. शर्यतीची घोडी दोन वर्षांची असतानाच पळवतात, हे आप्पा तुला ऐकवतील. खरं आहे. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत दोन वर्षांचे घोडे पळतात. त्यांतले किती पाच वर्षांचे होईपर्यंत धड पायांवर उरतात, तेही त्यांना विचार.

वजनाचा हिशोब वहीत मांड. शिंप्याची टेप घे. तिच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोज, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी मोज. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880, की किलोत अंदाजे वजन येतं. समजा घेर 155 आणि लांबी 145 आली, तर उत्तर 293 किलो. मोठ्या, कसलेल्या घोड्याने त्याच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत ओझं वाहावं, खोगिरासकट, असं सर्वसाधारणपणे मानतात. इथे तो पाचवा भाग होतो साधारण 58 किलो. कोवळ्या पाठीला मी त्याहून कमीच देईन, 45 ते 50. तुझं वजन तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. आप्पांचंही विचारत नाही, पण वरातीत तिच्यावर ते किंवा फेटा बांधलेला नवरदेव बसणार असेल, तर हा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

आता नाचाकडे येते.

सारंगखेड्याला घोडी नाचताना बघायला मलाही आवडतं. तापीकाठची ती गर्दी, दत्ताचा उत्सव, हलगीच्या तालावर पाऊल टाकणारं एखादं कसलेलं जनावर, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या ज्या खेळाला जगभर ड्रेसाज म्हणतात, त्यातही घोडा जागच्या जागी दुडकी करतो आणि लोक तिकीट काढून बघतात. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिथे ही जागची दुडकी करायची असते, त्या वरच्या पातळीला आठ वर्षांखालचा घोडा चालतच नाही. ऑलिंपिकलाही आठ वर्षांखालचा घोडा उतरवता येत नाही. मला अडचण तारखेची आहे. आठ वर्षांच्या घोडीने स्वतःच्या मागच्या पायांवर वजन तोलून जे करायचं, ते साडेतीन वर्षांच्या घोडीकडून महिन्याभरात हवं असेल, तर ताकदीने करून घेता येत नाही. तिच्यात ती ताकदच नाही. मग उरतं ते भीतीने करून घेणं. मान आवळून वर बांधायची, पुढच्या पायांना काठीचं टोक लावत राहायचं, तिने पाय उचलला की क्षणभर थांबायचं. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. पण 'एका महिन्यात बसवून देतो' म्हणणाऱ्याकडे दुसरा कुठला मार्ग असेल, मला सुचत नाही.

आणि दोन पायांवर उभं करणं तर मुळीच नको. मागच्या पायांचे सांधे जातात हे एक. दुसरं तुझ्या जिवाचं. घोडा कसा शिकतो ठाऊक आहे ना? दाब आल्यावर तो काहीबाही करून बघतो, आणि ज्या क्षणी दाब सुटतो, त्या क्षणी तो जे करत होता, ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं. तू 'हो' म्हणून दोर धरलास, ती थांबली, तू दोर सैल सोडलास: थांबणं पक्कं झालं. तिने पुढचे पाय उचलले आणि काठी थांबली: उभं राहणं पक्कं झालं. आता माघात वरातीत फटाके वाजले, तिला काही सुचेना, तर ती काय करेल? जे करून आजवर सुटका झाली, तेच. तू किंवा नवरदेव वर बसलेला असताना. मागे उलटलेल्या घोड्याखाली सापडलेला माणूस मला पुन्हा बघायचा नाही.

वरातीत घोडी हवी असेल तर कसलेली, बँडला सरावलेली भाड्याची घोडी आणा. त्या भागात त्यांना तोटा नाही. चांदणी घरी राहील.

चाबूकस्वाराबद्दल मात्र आप्पांचं अर्धं म्हणणं मी घेईन. जुन्या चाबूकस्वारांच्या हाताला जे कळतं, ते पुस्तकं वाचून येत नाही. तू दोन महिने एकटी करतेयस, बाहेरचा एक डोळा हवाच. फक्त घोडी त्याच्याकडे पाठवू नकोस, त्याला घरी बोलाव. चहा दे, फी दे, आणि पहिल्या दिवशी त्याला बसू न देता नुसतं बघायला सांग. चांगला माणूस असेल तर तो आधी तिच्याभोवती एक फेरी मारेल, पाय चाचपेल, तोंड बघेल, खोगीर उचलून खाली बघेल आणि मग बोलेल. आल्या आल्या चाबूक मागितला तर चहा संपेपर्यंत गप्पा मार आणि निरोप दे. तो शिकवत असताना तुला शेजारी उभं राहू देतो का, हे विचार. महिनाभर डोळ्याआड जाऊन आलेली घोडी त्या माणसाचं ऐकते. तुझं ऐकेलच असं नाही, आणि तिथे काय झालं ते ती सांगू शकत नाही.

सारंगखेड्याला या दत्तजयंतीला नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, स्पर्धेलाही नाही आणि 'नुसती दाखवायला'ही नाही. हजारो जनावरं, रात्रभर दिवे आणि भोंगे, अनोळखी घोडे दोन हातांवर बांधलेले. त्यात ग्लँडर्ससारखा रोग एका पाणपात्रातून पसरू शकतो आणि तो माणसालाही होतो. रक्ततपासणीत घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावंच लागतं. पुढच्या वर्षी न्यायची ठरलीच तर आधी रक्ताची तपासणी आणि धनुर्वाताची लस, आणि पाण्याची बादली घरची. यंदा तू बाबांबरोबर आणि आप्पांबरोबर मोकळ्या हाताने जा. स्पर्धेत जिंकणाऱ्या घोड्यांचे दात बघा, वय विचारा, खोगीर उतरवल्यावर पाठी बघा. आप्पांना जनावरातलं कळतं असं तुझ्या पत्रावरून वाटतं. त्यांना बघू दे, तू बोलू नकोस.

बाजारात न्यायचं म्हणून आतापासून दूध, तूप, गूळ, भिजवलेले चणे सुरू केले असतील तर तेही आवर. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं गवत खाण्यासाठी आहे, आणि त्याला ओकता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं, नाहीतर पोटशूळ. चकाकी चांगल्या चाऱ्याने आणि खराऱ्याने येते. जास्तीच्या दाण्याने अंगात नुसती रग येते आणि ती तू सांभाळायची.

मग पुढचे चार-पाच महिने करायचं काय? आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, त्यातली बहुतेक चाल. मोकळ्या लगामाने लांब पावलं टाकत चालणारी मारवाडी घोडी पुढे रवाल, म्हणजे धक्के न देणारी भरभर चाल, बहुतेकदा आपणहून देते, ती तिच्या रक्तात असते. मान वर ओढून घाईघाईने काढलेली रवाल पावलं आखूड करते, आणि एकदा बिघडलेली चाल सुधारायला बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दोरीवर लहान वर्तुळात गरगर फिरवणं टाळ, कोवळ्या सांध्यांना ते पाठीवर बसण्याइतकंच जाचतं. दुडकी सरळ रेषेत, बांधाच्या कडेने, थोडी थोडी. डाव्या बाजूने शिकवलेलं उजव्या बाजूने नव्याने शिकवावं लागेल, चढणंसुद्धा. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खुरं तासून घे.

आणि अंगणाबाहेर पड. तुमच्याकडे आता उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या असतील, वर स्पीकर लावलेल्या. बाबांना दोर धरायला सांग, तू पायी, आणि रस्त्यापासून इतक्या लांब उभी राहा की ट्रॉली गेली तर तिने कान टवकारावेत पण पाय हलवू नयेत. तिने मान खाली केली की परत फिर. दुसऱ्या दिवशी दहा पावलं जवळ. एखादा म्हातारा शांत घोडा शेजारी मिळाला तर सोन्याहून पिवळं, ती त्याच्याकडून तुझ्यापेक्षा लवकर शिकेल. पाठीवर बसून रस्त्याकडे जाणं त्यानंतर.

डोक्यावर हेल्मेट. फेटा नाही, ओढणी नाही, क्रिकेटचं नाही. एकटी असताना चढायचं नाही. आणि वर बसून मोबाइल धरायचा नाही, व्हिडिओ दुसऱ्याने काढायचा.

व्हिडिओंवरून तुझ्या कौतुकाकडे परत येते. घोडीला तुमच्या ग्रुपवरचे अंगठे कळत नाहीत, पण तिला तिचं कौतुक नक्की कळतं, ते तिच्या भाषेत झालं तर. आपण काय करतो? खुश झालो की मानेवर धपाधप थापा मारतो. घोडे एकमेकांना थापा मारत नाहीत. ते आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यापाशी एकमेकांना दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तेव्हा थाप सोड, तिथे बोटांनी चांगलं जोर लावून खाजव, वरचा ओठ लांब करून हलवेपर्यंत. त्याहून मोठं बक्षीस म्हणजे काम थांबवणं. डावीकडे तीन पावलं मान न झटकता गेली ना? लगेच उतर, तंग सैल कर, त्या दिवसाचं संपलं. 'आता जमतंय तर अजून एकदा' हा मोह सगळ्यांना होतो आणि चौथ्या वेळेला ती नेमकी बिघडते. गूळ नंतर, बादलीत. हातावर दिलास तर महिन्याभरात खिसे चावेल.

माणसांसाठी व्हिडिओही टाक, बिनधास्त. तो महिन्यातून एकदाच काढ, त्याच भिंतीपाशी, त्याच बाजूने: चढणं, चार पावलं, थांबणं, दोन्हीकडे एक वळण. पुढच्या दसऱ्याला ओळीने लावून बघितलेस की तिची पाठ भरलेली, मान खाली आलेली, पावलं लांबलेली दिसतील. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही; आप्पांना बारापैकी पहिला आणि शेवटचा दाखव.

जर्मनीत वारेनडॉर्फ नावाच्या गावी दरवर्षी तरुण घोड्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे तीन-चार वर्षांच्या घोड्यांसाठी वेगळे वर्ग असतात आणि परीक्षक बघतात काय, तर साधी चाल, दुडकी, संथ धाव, घोड्याची ठेवण आणि तो स्वाराचं किती ऐकतो ते. बस. त्या वयाचं कौतुक त्या वयाच्या गोष्टींचं, आणि बघायला गर्दी जमते. आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं पहिलं. त्या ड्रेसाजमध्ये घोडा मैदानात आला की सगळ्यांत आधी काय करतो, आप्पांना सांग: मधोमध येऊन स्तब्ध उभा राहतो आणि स्वार सलाम करतो. त्या उभं राहण्याला दहापैकी गुण असतात.

आप्पांशी भांडू नकोस. बाबा गप्प आहेत म्हणजे ते तुझ्या बाजूने आहेत आणि भावाला दुखवायचं नाही, असा माझा अंदाज. तू भांडलीस तर त्यांची अडचण होईल. त्यापेक्षा आप्पांना काम दे. "आप्पा, मी चढताना तुम्ही दोर धरा, तुमचा हात स्थिर आहे," असं म्हण. चार दिवस दोर हातात धरला की उभं राहणाऱ्या घोडीच्या अंगात काय चाललेलं असतं, ते त्यांच्या बोटांना कळेल, आणि नंतर गावात 'आमच्या घोडीला मी उभं राहायला शिकवलं' असं तेच सांगत फिरले तर फिरू दे.

पशुवैद्य तोंड बघून काय म्हणाले, ते दोन ओळींत कळव. डावीकडचं वळण तिथेच अडलंय असं मला वाटतं. दात पूर्ण फुटेपर्यंत लगामाची घाई नको, दिवाळीनंतरचे हे थंडीचे महिने म्होरकीवर गेले तरी काही बिघडत नाही.